लॅमिनेशनला निघालेली पाकिटं

"दोन हजार तीनशे सोळा स्टँप, एकाचे दहा धरले तरी गुणिले दहा!" शेल्डन ओरडला. "तेवीस हजार एकशे साठ दिरहम! आणि गुणिले चोवीस म्हणजे..."

"पाच लाख पंचावन्न हजार आठशे चाळीस रुपये," इरा म्हणाली. दिरहमचे रुपये करायचे म्हणून फुजैरातल्या मराठी मुलांना चोवीसचा पाढा दहाच्या पाढ्याआधीच येतो.

"ओ माय गॉड! वी आर रिच!" इराचा धाकटा भाऊ तन्मय सोफ्यावर नाचू लागला. खरं तर त्या पाच लाखांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. स्टँप होते शेल्डनच्या आजोबांचे, म्हणजे कॅस्मिर अंकलचे.

"उतर खाली," कॅस्मिर अंकल म्हणाले. "सोफा विकलाय मी. संध्याकाळी येतायत न्यायला."

हिवाळ्याची सुट्टी होती. शेल्डन दुबईहून आजोबांकडे आला होता, आणि खालच्याच मजल्यावर राहणारी इरा आणि तन्मय सकाळपासून इथेच पडीक होते. पण यंदा समुद्रावर जायचं कुणी नावच काढत नव्हतं. बंदरावरच्या कँटीनमध्ये चौतीस वर्षं पाव भाजून कॅस्मिर अंकल रिटायर झाले होते. व्हिसा खलास. सोमवारी विमान आणि कायमचं वसई.

वसईत त्यांच्या आजोबांची बेकरी होती. भट्टी नऊ वर्षांपासून थंड पडलेली. ती पुन्हा पेटवायची हे अंकलचं स्वप्न होतं, पण दुरुस्तीला पावणेदोन लाख लागणार होते. भावाने फोनवर साफ सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यात काम सुरू झालं नाही, तर जागा मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने देतो."

अंकलची सगळी भिस्त त्या जाडजूड अल्बमवर होती. दर शुक्रवारच्या बाजारातून वेचून आणलेले फुजैराचे जुने स्टँप! रॉकेटं, फुलपाखरं, रेसच्या गाड्या. काही सोनेरी, तर काही चक्क तिकोनी. अकरा वाजता जमाल साहेब येऊन त्यांची किंमत सांगणार होते.

"अंकल, हे काय आहे?" इराने विचारलं. अल्बम ज्या पत्र्याच्या डब्यातून निघाला होता, त्याच्या तळाशी तीन पाकिटं होती. चहा सांडल्यासारखा रंग आणि कडा झिजलेल्या.

"माझ्या आजोबांची पत्रं, पोरी. बोटीवर पाव भाजायचे ते. घरी लिहायचे."

इराने एक पाकीट खिडकीपाशी नेलं. स्टँपवर दाढीवाला राजा होता आणि खाली 'इंडिया पोस्टेज'. पण त्यावरचा गोल काळा शिक्का वेगळंच सांगत होता. तिने डोळे बारीक केले.

"शेल्डन, वाच."

"डी, यू, बी... दुबई? १९३१?"

"स्टँप इंडियाचा आणि शिक्का दुबईचा! असं कसं?"

"खिशात असेल तो चिकटवला असेल," अंकल म्हणाले. "आजोबा तसे काटकसरी होते. ठेव ते, आणि अल्बम पूस जरा. पाहुणे येतायत!"

इराला ते पटेना. इंडियाचा स्टँप लावलेलं पत्र दुबईच्या पोस्टाने घेतलंच कसं? तिने गुपचूप टॅबवर पाकिटाचा फोटो काढला.

तेवढ्यात दार उघडून इराचे बाबा आत आले. हेमचंद्र तेलाच्या एका टर्मिनलमध्ये डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कंपनीतला कुठलाही कागद त्यांच्या फॉर्मशिवाय टेबलावरून हलू शकत नसे. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. आईच्या आमटीला ते गंभीरपणे सांगत, "कोड बी. मंजूर, पण सूचनांसह." इराची प्रगतिपुस्तकंही दरवर्षी कोड बी. 'कोड ए, मंजूर, एकही सूचना नाही' हा शेरा त्या घरात अजून कुणालाच मिळाला नव्हता. आजीलाही नाही.

बाबांची नजर पाकिटांवर पडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कॅस्मिरभाई! ओरिजिनल डॉक्युमेंट्स अशी उघडी? नो प्रोटेक्शन?"

"नव्वद वर्षं तशीच आहेत, हेमचंद्र."

"म्हणूनच ही अवस्था! थांबा. माझ्याकडून फेअरवेल गिफ्ट. अक्रमभाईच्या टायपिंग सेंटरमधून लॅमिनेट करून आणतो. फर्स्ट क्लास!"

बाबांनी आतली पत्रं काढून 'अटॅचमेंट' असं लिहिलेल्या फोल्डरमध्ये ठेवली, तो टेबलावर ठेवला आणि रिकामी पाकिटं घेऊन गेलेसुद्धा. बाबांचा लॅमिनेशनवर गाढ विश्वास होता. आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलंय म्हणून लग्न टिकलंय, असं आई म्हणायची.

बरोबर अकराला जमाल साहेब आले. अंगात पांढराशुभ्र, पायघोळ कंदूरा, हातात काठी आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. पोस्टात आयुष्य काढलेला फुजैराचा माणूस. पण मुंबईच्या व्यापाऱ्यांमध्ये वाढल्यामुळे हिंदी अशी बोलायचे की शेल्डनला लाज वाटावी.

त्यांनी एक पान उलटलं. मग दुसरं. मग एकदम दहा.

"बोलो, जमालभाई," अंकलनी हसायचा प्रयत्न केला.

"कॅस्मिर, आपण दोस्त आहोत ना?"

अशी सुरुवात करणारा माणूस चांगली बातमी देत नाही, हे इराला बारा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"अस्सी दिरहम," जमाल साहेब हळूच म्हणाले. "त्यातले वीस या अल्बमचे. अल्बम अच्छा है."

तन्मय बसला तो थेट जमिनीवर. "एटी? एटी थाउजंड?"

"नुसते ऐंशी, बेटा. हे स्टँप पत्रांसाठी नव्हतेच. सगळ्या अमिरातींची युनियन व्हायच्या आधी इथे असे ढिगाने छापले, परदेशातल्या शौकिनांना विकायला. एकाही पाकिटावरून कुठे गेले नाहीत. जो स्टँप कधी प्रवासाला निघालाच नाही, त्याला कोण विचारणार?"

ऐंशी दिरहम. म्हणजे एकोणीसशे वीस रुपये. या वेळी कुणीच मोठ्याने गुणाकार केला नाही.

कॅस्मिर अंकलनी अल्बम बंद केला. "हरकत नाही," ते म्हणाले. "मोबाइल कव्हरपण लागतातच लोकांना." आणि ते सगळ्यांसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. शेल्डन त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

प्रवासाला निघालेला स्टँप! इराच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. तिने टॅब पुढे केला.

"जमाल साहेब, ये देखिए ना. ये चलेगा?"

त्यांनी भिंग थेट स्क्रीनवर धरलं. मग हातातलं भिंग अगदी सावकाश खाली सोडलं.

"ये कहाँ है?"

"होतं इथेच. पण हा स्टँप तर इंडियाचा आहे!"

"होगा ही! तेव्हा दुबईतलं पोस्ट ऑफिस हिंदुस्थानच्या पोस्ट खात्याकडे होतं. तिथे तुमचेच स्टँप विकले जायचे. हा राजा तुमच्याकडे पोत्याने मिळेल, बेटी. पण त्यावर दुबईचा शिक्का, आणि तोही अख्ख्या पाकिटावर? दुबईतून पत्रं लिहिणारे मूठभर, आणि पाकीट जपून ठेवणारे त्याहून कमी! ओरिजिनल कुठे आहे?"

"लॅमिनेशनला," इरा म्हणाली.

"या अल्ला!" जमाल साहेब काठीशिवाय उभे राहिले. "गरम प्लॅस्टिक! कागदाला चिकटलं की खलास! पुन्हा निघत नाही. जगातला कुठलाही शौकीन हात लावणार नाही!"

शेल्डनने फोन लावला. रिंग वाजली ती खालच्या मजल्यावर. बाबांचा फोन घरी चार्जिंगला होता.

"रन!" शेल्डन ओरडला.

"थांब!" इरा म्हणाली. "आपण ओरडलो तर बाबा ऐकतील? 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नका' म्हणतील, आणि तोवर पाकिटं मशीनमध्ये! बाबा माणसाचं ऐकत नाहीत. कागदाचं ऐकतात!"

तिने खाली आपल्या घरात शिरून बाबांच्या टेबलाचा खण उघडला, एक छापील फॉर्म ओढला आणि लाकडी मुठीचा शिक्का उचलला.

"वी आर लेट!" शेल्डन दारातून किंचाळत होता.

"दोन मिनिटं!"

"यल्ला, इरा, यल्ला!"

तिघं सुटले! लिफ्ट पाचव्या मजल्यावर निवांत उभी होती, म्हणून जिन्याने. मागून जमाल साहेब आणि कॅस्मिर अंकल गाडीने निघाले. गाडी पोरांच्या आधी पोचली, आणि मग पार्किंग शोधत टायपिंग सेंटरभोवती गोल गोल फिरत राहिली.

आत व्हिसाच्या अर्जांसाठी ही गर्दी! काउंटरमागे अक्रमभाई एका हाताने टाइप करत होते आणि दुसऱ्या हाताने लॅमिनेशनच्या मशीनमध्ये प्लॅस्टिक सरकवत होते. बाबा शेजारी छाती पुढे काढून उभे.

"बाबा! थांबवा!"

"इरा? मध्ये बोलू नकोस. काम चाललंय."

काउंटरवर एक पाकीट चकाचक होऊन पडलं होतं. अजून गरम! शेल्डनने ते उचललं आणि त्याचा चेहरा पडला. दुसरं पाकीट प्लॅस्टिकमध्ये ठेवून अक्रमभाई मशीनकडे वळले होते.

"अंकल, प्लीज! इट्स रेअर!" शेल्डन म्हणाला.

"म्हणूनच तर लॅमिनेट करतोय, बाळा."

इराने वाद घातला नाही. तिने फॉर्म काउंटरवर ठेवला. त्यावर लाल शिक्का होता: होल्ड.

बाबांची मान आपोआप खाली झुकली. वीस वर्षांची सवय!

"होल्ड? कारण काय?"

"ओरिजिनल खराब होण्याची शक्यता. रकाना चार."

"कुणाच्या वतीने?"

"मालकाच्या. रकाना पाच."

"सही?"

इराने दाराकडे पाहिलं. सही! अंकल तर अजून पार्किंग शोधत होते. अक्रमभाईंच्या हातातलं प्लॅस्टिक मशीनच्या तोंडाशी टेकलं.

"मालकाचा प्रतिनिधी!" शेल्डनने पेन हिसकावून सही ठोकली. "नातं, नातू!"

"आणि साक्षीदार मी!" तन्मयने अंगठा शाईच्या पॅडवर दाबून ठसा उठवला. त्याची गरज नव्हती, पण फॉर्मला वजन आलं.

बाबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. एकही रकाना रिकामा नव्हता. मग ते असे गरजले, की रांगेतले चौघं दचकले.

"अक्रमभाई! रुको! होल्ड है!"

अक्रमभाईंचा हात जागीच थिजला. पाकिटाची कड मशीनपासून बोटभर दूर होती.

"क्या हुआ, हेमचंद्रभाई?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. "पण फॉर्म बरोबर भरलाय."

धापा टाकत जमाल साहेब आत आले, त्यांच्या मागोमाग कॅस्मिर अंकल. वाचलेली दोन पाकिटं हातरुमालावर ठेवून जमाल साहेबांनी भिंग लावलं. टायपिंग सेंटरमधली सगळी टकटक थांबली.

"१९३१. आणि हे १९२९! शिक्के पूर्ण उमटलेत. आजोबांचं अक्षरही सुरेख. कॅस्मिर, दोन्ही मिळून मी आठ हजार देईन. पण घाई करू नकोस. आधी दुबईत आणखी कुणाला दाखव. कुणी जास्त देत असेल तर त्याला दे."

"आठ हजार गुणिले चोवीस!" तन्मय ओरडला.

"एक लाख ब्याण्णव हजार!" रांगेतले दोन अनोळखी लोक एकदम म्हणाले. फुजैरात हा पाढा सगळ्यांनाच येतो.

कॅस्मिर अंकल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. "भट्टी," ते एवढंच म्हणाले. शेल्डनने त्यांचा खांदा घट्ट धरला.

"आणि हे?" बाबांनी चकाचक झालेलं तिसरं पाकीट पुढे केलं. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक होता.

जमाल साहेबांनी एकदाच पाहिलं. "हे आता कुणी घेणार नाही. सॉरी, भाई."

"कॅस्मिरभाई, मी... मला वाटलं..."

अंकलनी ते पाकीट हातात घेतलं. प्लॅस्टिकखाली आजोबांची वळणदार अक्षरं लख्ख दिसत होती. ते हसले. सकाळपासून पहिल्यांदाच खरं हसले.

"विकणार कोण हे, हेमचंद्र? हे भट्टीच्या वर टांगतो. बेकरीत पीठ उडतं, तूप उडतं, पाणी उडतं. आता कशानेच काही होणार नाही याला. फर्स्ट क्लास काम!"

बाबांनी डोळे पुसले आणि चष्म्यावर धूळ बसल्याचं सांगितलं.

"पण पोरांनी कमाल केली," जमाल साहेब काठी टेकत म्हणाले. "आम्ही तिघं म्हातारे रॉकेटं आणि प्लॅस्टिक बघत बसलो. शिक्का वाचला तो या मुलीने!"

"सुट्टीभर रोज माझ्याकडून गरम पाव," अंकलनी जाहीर केलं. मग त्यांना आठवलं. "म्हणजे सोमवारपर्यंत."

बाबा मात्र काउंटरवर वाकून होल्डचा फॉर्म बंद करत होते. तारीख, वेळ, सही. इरा पंजांवर उभी राहून डोकावली. शेवटचा रकाना होता शेऱ्याचा. बाबांचं पेन तिथे बराच वेळ थांबलं. एखादी तरी सूचना येणारच!

बाबांनी लिहिलं, 'कोड ए.'

आणि फॉर्म अक्रमभाईंकडे देत म्हणाले, "हा लॅमिनेट करा."