आक्काची सीट

आक्काच्या शेवटच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्रात होतं इतकंच : "नवी गाडी आली म्हणे. मला न्यायला कधी येतोस? पुढे बसेन. ब्रेकचं मी बघते, तुझा भरवसा नाही."

अण्णांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःचं एक वाक्य पुरं करायची छाती उरली नव्हती. 'ये' पुरे, की 'अवश्य ये' बरं, यावर घोडं अडलं. तेवढ्यात आक्का गेली.

आक्का म्हणजे थोरली बहीण. शेजारी बसली की पायाखाली काही नसताना कचकन ब्रेक दाबायची आणि ओरडायची, "अरे, माणूस!" माणूस पार पलीकडच्या फुटपाथवर असायचा. शिवाय मानी. भावाच्या घरीसुद्धा 'ये, बस' ऐकेपर्यंत दारात उभी.

नवी गाडी मुलीने घेऊन दिलेली. काचेमागे कॅमेरा, पुढे रडार. समोर काही आडवं आलं की गाडी आधी ओरडते. चालवणारा ढिम्मच राहिला तर स्वतः ब्रेक लावते.

"म्हणजे आक्काच," अण्णा तेव्हा म्हणाले होते.

आक्का गेल्यावर पुढच्या रिकाम्या सीटची घंटी वाजू लागली. कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती. अण्णांनी सीटवर हात फिरवला. रुमालसुद्धा नव्हता. त्यांनी तो पट्टा स्वतःच अडकवून टाकला. पुढच्या वळणावर तो सुटलेला, आणि घंटी सुरू.

मग एका सकाळी, ग्रंथालयाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, गाडी जागच्या जागी थांबली. अण्णांचा चष्मा नाकावरून मांडीत. मागच्या गाडीतून एक डोकं बाहेर आलं, "आजोबा, डुलकी लागली काय?"

त्याचं वाक्य संपायच्या आत भिंतीआडून एक टेम्पो मागे मागे येत अण्णांच्या नाकासमोरून गेला. डोकं गुपचूप आत गेलं.

मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. "काका, सगळं ठणठणीत आहे."

"मग भिंतीपलीकडचा टेम्पो दिसला कसा?"

"कॅमेऱ्याला नाही दिसत. रडारलाही नाही." त्याने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "ब्रेक गाडीने लावलेलाच नाही. पायाने दाबलाय."

"मी घाबरलो की पाय वर घेतो हो."

मेकॅनिकने वाकून शेजारच्या सीटपुढची नवीकोरी मॅट पाहिली. "इथे कोण बसतं? टाचेने पार खड्डा पडलाय."

मुलगी गॅरेजवर आली होती. ती पुढचं दार उघडून क्षणभर थांबली आणि मागे जाऊन बसली.

"पुढे का नाही बसलीस?"

"गार आहे पुढे." अण्णांनी गाडी सुरू करताच घंटी वाजली. "बाबा, पुरे झालं. उद्या सकाळी हे वाजलं, तर गाडी विकली म्हणून समजा. आणि ड्रायव्हिंगही बंद."

"अगं, टेम्पोखाली जाणार होतो मी. वाचवलं तिने."

"कुणी?"

अण्णांनी गिअर बदलला. गाडी गेली तर ग्रंथालय गेलं. आणि दुसरं जे जाणार होतं, ते मुलीला सांगायची सोय नव्हती.

घरी ते टेबलाशी बसले. इतके दिवस बिचारी शेजारी बसून आहे, आणि पट्टा का लावत नाही ते आपल्याला कळू नये? आपण 'बस' कुठे म्हटलं?

त्यांनी लिहिलं, "आक्का, ये. पुढची सीट तुझीच." पेन उचललं, 'अवश्य' घालावं असं वाटलं, घातलं नाही.

सकाळी मुलगी फाटकात हाताची घडी घालून उभी होती. गाडी समोरच्या टपालपेटीपाशी. अण्णांनी आधी गाडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, पाकिटावरचा आक्काच्या बंद घराचा पत्ता एकदा तपासला, आणि पत्र पेटीत सोडलं.

पाठीमागे, रिकाम्या गाडीत, पट्टा लागल्याचा 'खट्' आवाज झाला.