हेप्झिबाची राख

मार्चमधली सकाळ होती आणि मी ओबेदकाकांकडे फावडं मागायला गेले होते. काकू चुलीपाशी मक्याची धिरडी घालत होत्या.

"जमीन अजून गोठून दगड आहे नुसती. आत्ता काय लावतेस गं, लोइस?" काकांनी विचारलं.

"लावायचं नाही, काढायचंय," मी म्हणाले. "हेप्झिबाला."

काकूंच्या हातातलं उलथनं थांबलं. काकांना मात्र नवल वाटलं नाही. आमच्या र्‍होड आयलंडच्या टेकड्यांत क्षयाने एक गेला आणि घरातला दुसरा खंगू लागला, की लोक डॉक्टरच्या आधी थडग्याकडे बघतात. गेलेल्याच्या काळजात ताजं रक्त सापडलं तर तोच घरच्यांना शोषतोय असं धरायचं. मग ते काळीज जाळायचं आणि राख आजाऱ्याला पाजायची.

हेप्झिबा माझ्या नवऱ्याची पहिली बायको. क्षयानेच गेली. आता सायलसही खोकत होता, रुमाल लाल होत होते. पण खरं सांगू? मी फावडं मागायला गेले ती त्या रुमालांमुळे नाही. रोज पहाटे तो झोपेतच भिंतीकडे सरकायचा, पलंगावर जागा करायचा आणि हळूच म्हणायचा, "आलीस? बस." माझ्यासाठी तो कधी तसूभरही सरकला नव्हता.

दुपारी काकांनी आणि गावातल्या दोघांनी पेटी उघडली. ओल्या मातीचा आणि कशाचा तरी गोडसर वास आला. वर्ष उलटलं होतं, तरी तिचे केस माझ्यापेक्षा दाट होते. मेलेल्या बाईच्या केसांनीही माझा जळफळाट झाला. काकांनी सुरी चालवली.

"ओलं आहे…" ते एवढंच म्हणाले.

कुंपणाजवळच्या सपाट दगडावर ते काळीज जळायला दोन तास लागले.

"तीन सकाळी पाण्यात कालवून दे," काकांनी राख माझ्या ॲप्रनमध्ये घातली. "वाचेल तो."

घरी आले. सायलस उठून बसला होता. महिनाभरात प्रथमच त्याच्या डोळ्यांत चमक होती.

"तिचं आहे ना? दे, लोइस. सगळं दे."

मी दिलेलं सूप तो दोन घोटांत टाकायचा, आणि तिच्या राखेसाठी दोन्ही हात पुढे! माझ्या अंगाची लाही झाली. जी आधीच त्याच्या मनात ठाण मांडून बसली होती, तिला मी माझ्या हाताने त्याच्या रक्तात घालू? मी स्वयंपाकघरात गेले. तिची राख खुराड्यामागे उकिरड्यावर फेकली आणि पेल्यात चुलीतली राख कालवली. तिन्ही सकाळी तो ती डोळे मिटून, चाटूनपुसून प्यायला.

चौथ्या सकाळी तो गेला. मी मारलं त्याला. त्याला तिच्याशेजारीच पुरलं, कारण जागा आधीपासून घेऊन ठेवलेली होती.

पानगळ सुरू झाली आणि मलाही खोकला लागला. पहिला रुमाल लाल झाला तेव्हा, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. शेवटी माझ्याकडे आला तो! पहाटे पलंगाची कड दबली. मी भिंतीकडे सरकले, जागा केली.

"आलास? बस…"

रोज कुणीतरी बसायचं. परवा मी धीर करून अंधारात हात पुढे केला. आधी लांब, दाट केस लागले. मग हात खाली छातीवर गेला. तिथे नुसती पोकळी होती.

काल ओबेदकाका आले होते. "सायलस ओढतोय तुला, पोरी. उद्या काढू त्याला. काळीज जाळू, राख पी, बरी होशील."

तो नाही, ती येते, हे मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. मेल्यावरही तो माझ्याकडे आला नाही, हे गावाला कशाला कळू देऊ? आज त्याचं काळीज जाळतील ते जाळू देत. ती राख तरी माझ्या एकटीची असेल.

आज पहाटे पलंगाची कड दबली नाही. स्वयंपाकघरात फडताळाचं दार करकरलं… थोडा वेळ भांडी वाजली… मग शांत झालं. उजाडल्यावर जाऊन पाहिलं. टेबल स्वच्छ पुसलेलं होतं, आणि त्यावर शेजारी शेजारी दोन पेले मांडून ठेवले होते.