मंद वाऱ्याची वेळ

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन पवनचक्कीखाली मेलेली वटवाघळं शोधायला निघाल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर, चक्कीच्या कंपनीनं ठेवलेल्या, त्यामुळे हे रोजचंच काम. कंपनीच्या साहेबांचं म्हणणं, वटवाघळं रोगानं मरतात. रोग कसला, डोंबलाचा! बाईंनी चिरून पाहिलं होतं. अंगावर ओरखडा नाही आणि आत फुप्फुसं रक्तानं भरलेली. फिरत्या पात्यामागे हवेचा दाब एकदम उतरतो आणि जीव आतून फुटतो. वारा मंद असला की ती जास्त उडतात, तेवढा वेळ चक्की थांबवा, वीजही फारशी बुडत नाही, हे सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. साहेब ढिम्म.

उलट, बाई नीट शोधतात की नाही हे बघायला साहेब फ्रीजमधली मेलेली वटवाघळं, पायाला पिवळा दोरा बांधून, गुपचूप खडीत टाकून ठेवायचे.

आज तसलंच एक सापडलं, पायाला पिवळा दोरा. बाईंनी ते उचललं आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते ऊबदार होतं. नाकातून ताजं रक्त येत होतं. फ्रीजमध्ये गोठलेला जीव पुन्हा उडाला होता आणि पुन्हा मारला गेला होता. वर पाती फिरतच होती. हूऽप... हूऽप...

बाई घाबरल्या, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. मेल्यावरही सुटका नाही म्हणजे काय! त्यांनी चक्कीच्या बुंध्याचं दार उघडलं आणि बंद करायचं बटण दाबलं. पाती रेंगाळत थांबली.

लगेच फोन वाजला. साहेब कचेरीतून खेकसत होते. आत्ताच्या आत्ता चालू करा, नाहीतर नोकरी गेली समजा, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही.

“जाऊ दे,” बाई म्हणाल्या. “वारा मंद आहे तोवर मी इथून हलणार नाही.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग साहेबांचा आवाज आला, अगदी खाली उतरलेला.

“डॉक्टर... कानात दडे बसलेत. खोलीत काहीतरी फिरतंय...”

“दिवा लावा.”

“लावलेलाच आहे. दिसत नाही काही... छाती भरून आलीये...”

बाईंनी दारातून वर पाहिलं. पाती जागच्या जागी थांबलेली होती. आवाज फोनमधून येत होता. हूऽप... हूऽप...

“थांबवा ते... पाया पडतो तुमच्या...”

“साहेब,” बाई हळूच म्हणाल्या, “माझ्याकडचं बटण दाबलेलंच आहे.”