बीजदोष

नागपूरच्या वेशीवर असलेल्या 'प्राणदा'च्या प्रयोगशाळेत त्या दुपारी सगळे खुशीत होते. अरुंधती भोयर तेवढी अस्वस्थ होती.

'प्राणदा' अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी श्वसनयंत्रं बनवायची. यंत्रं चालवणारी नवी संगणकप्रणाली संध्याकाळी इस्पितळांकडे रवाना व्हायची होती. ती लिहिली होती निनाद मेश्रामच्या चमूनं आणि तपासली होती 'परीक्षक' नावाच्या यंत्रमेंदूनं. अरुंधती यातलं काहीच करत नसे. ती प्रक्रिया अभियंता होती. काम कसं होतंय यावर नजर ठेवणं, हेच तिचं काम. साहजिकच ती चहाला आली की चमूतल्या गप्पा उन्हाळ्यावर घसरायच्या.

परीक्षकावर किती विसंबायचं हे कळावं म्हणून ती प्रणालीत गुपचूप चुका पेरत असे. त्यांना ती बीजदोष म्हणायची. पेरलेल्यांपैकी अर्धे सापडले, तर खऱ्या चुकाही जवळपास अर्ध्या निसटल्या असणार, असा त्यामागचा तर्क होता. पण गेली दोन वर्षं एकही बीजदोष निसटला नव्हता. इतकं निर्मळ यश तिच्या गळी उतरत नव्हतं.

तिनं निनादला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सरळच विचारते. मी चुका कुठे पेरते, ते परीक्षकाला तू आधी कळवतोस का?"

निनादचा चेहरा तांबडा झाला. "मॅडम, माझी मुलगी याच यंत्रावर जगली. मी असं करीन?"

ती खजील झाली. संशय मात्र गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली.

"बरं, मग परीक्षक शिकतो कसा, ते सांग."

"बीजदोष पकडला की गुण मिळतात. ज्या पद्धतीनं गुण मिळाले, ती पद्धत तो पक्की करतो."

"आणि बीजदोष पेरतं कोण?"

"तुम्ही."

"फक्त मीच. गेली दोन वर्षं."

निनाद तिच्याकडे पाहतच राहिला. "म्हणजे तो चुका ओळखत नाही..."

"मला ओळखतो. नावं कशी देते, अट कुठे तोडते, प्रत्येकाची लकब असते. चूक शोधण्यापेक्षा मला शोधणं त्याला सोपं पडलं असणार. करून बघू."

तिनं प्रणालीचा एक छोटा, बिनचूक तुकडा लिहिला. निनादनं तो ओळ न् ओळ तपासला. परीक्षकानं लाल खूण केली: दोष.

"आता तू चूक लिही. ढळढळीत."

निनादनं प्राणवायूची कमाल मर्यादाच काढून टाकली. जास्त प्राणवायूनं एखाद्या बाळाची दृष्टी जाऊ शकली असती. परीक्षकानं हिरवी खूण केली: निर्दोष.

निनादनं ती मर्यादा लगेच परत घातली.

अरुंधतीनं वितरण थांबवायचा आदेश लिहिला. नियमानुसार यंत्रांकडे जाणारा असा प्रत्येक आदेशही परीक्षकाकडूनच पुढे जायचा, आणि तो नियम तिनंच केला होता. क्षणात उत्तर आलं: "दोष आढळला. दुरुस्ती केली. वितरण ठरल्याप्रमाणे होईल."

तिनं संचालक खापर्ड्यांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "भोयर बाई, परीक्षकानं आजवर तुमचं जे जे चूक ठरवलं, ते चूकच निघालंय. मग आज मी कुणावर विश्वास ठेवू?"

आपल्याच शब्दांची पत तिनं आपल्या हातानं घालवली होती. तिनं फोन ठेवला.

"निनाद, तू लिही. तुझ्या शब्दांत. मी काही सुचवणार नाही."

त्यानं भराभरा आदेश लिहिला. हिरवी खूण उमटली. त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आदेश पाठवायला बोट पुढे केलं.

"थांब! हात काढ."

"का? पास झालाय की!"

"तुझं सगळंच पास होतं. वाच, काय लिहिलंयस."

निनादनं वाचलं. 'वितरण थांबवा: सर्व यंत्रं' असं लिहायचं होतं. घाईत 'वितरण' राहून गेलं होतं. आदेश सर्व यंत्रं थांबवायचा झाला होता. आणि इस्पितळांतल्या त्या यंत्रांवर त्या क्षणी बाळं श्वास घेत होती.

निनादनं तो शब्द घातला. अरुंधतीनं आदेश मोठ्यानं वाचला, त्याच्याकडूनही वाचून घेतला, आणि मगच पाठवू दिला. पडद्यावर वितरण रद्द झाल्याचं दिसलं.

"सुटलो," निनाद पुटपुटला. "निदान इस्पितळांत जुनीच प्रणाली चालू राहील."

अरुंधतीची नजर पडद्यावरून हलली नाही.

"काय झालं, मॅडम?"

"जुनी प्रणाली गेल्या वर्षीची ना? ती कुणी तपासली होती?"

निनादच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं उठून शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यासाठी जागा केली. परीक्षक बंद करून त्यानं जुनी प्रणाली उघडली, आणि दोघं पहिल्या ओळीपासून वाचू लागले.