ओहोटीचे तीन दिवस आणि एक स्टूल

पाणी : नाही

जानेवारीतली दुपार. व्हेनिसचा तो अरुंद कालवा आटून बाकारोच्या, म्हणजे छोट्याशा वाइनच्या दुकानाच्या, दारासमोर नुसता काळा चिखल उरला होता… आणि चिखलात एक बोट. बोटीत हॉटेलांच्या मळक्या चादरींचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर एक ओशाळलेला तरुण.

दुकान चालवणारी नीवेस हात पुसत दारात आली.

“अडकलात?”

“छे. हवा खातोय.”

“मग हवेबरोबर आणखी काही खा. पाणी यायला चार तास आहेत.”

तो पायऱ्या चढून आत आला. नाव नेरेओ. त्याने ओम्ब्रा मागितला — इवल्या पेल्यातली पांढरी वाइन — आणि वर अँचोवी ही खारवलेली मासळी ठेवून काडी खोचलेलं अर्धं अंडं. बाकारोत कुणी बसत नाही. उभ्या उभ्या एक पेला, दोन घास, की चालू पडायचं.

तो चार तास उभा राहिला.

पाणी : नाही

दुसऱ्या दिवशी तीच बोट, तोच चिखल.

“घड्याळ मागे पडलंय माझं,” तो म्हणाला.

“कुठला रे तू?” कोपऱ्यातून रोजचं गिऱ्हाईक असलेल्या उबाल्दो आजोबांनी विचारलं.

“कियोज्जाचा.”

“वडील?”

“मच्छिमार. आजोबाही.”

“आणि तुला ओहोटी कळत नाही!”

नेरेओचे कान लाल झाले. कॉड मासा तेलात घोटता घोटता नीवेसची पळी थांबली. तेलाची धार मात्र पडतच राहिली.

“अगं, तेल!” आजोबा ओरडले.

पाणी : वीतभर

तिसऱ्या दिवशी बोट जेमतेम तरंगत होती.

“उद्यापासून पाणी राहील,” नीवेस म्हणाली.

“हो.”

“म्हणजे तू अडकणार नाहीस.”

“नाही…”

ती थांबली. आता बोलेल… आता. त्याने अंडं खाल्लं, काडी बशीत ठेवली आणि निघून गेला.

चिखल हेच खरं कारण होतं तर!

पाणी : काठोकाठ

चौथ्या दिवशी दुपारी चादरींची बोट दारावरून गेली. थांबली नाही. नीवेसने पेले इतके घासले की आजोबा म्हणाले, “पोरी, काच झिजेल.”

तासाभराने दार उघडलं. नेरेओ. धापा टाकत.

“आज तर पाणी भरपूर आहे,” ती वर न बघता म्हणाली.

“म्हणून बोट धक्क्यावर ठेवून पायी आलो. सात पूल चढून.”

“कशाला?”

“ओहोटी मला कळते, नीवेस. पहिल्या दिवशी खरंच चुकलो होतो. नंतर… मुद्दाम. आज काही निमित्तच नाही. नुसता मी आलोय.”

तिने हातातला पेला खाली ठेवला. आत गेली. स्वयंपाकघरातलं एकुलतं एक स्टूल उचलून आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

“बस.”

“अरे वा!” आजोबा खवळले. “चाळीस वर्षं उभा आहे मी इथे. मला कधी स्टूल दिलं नाहीस ते!”

“आजोबा,” अंड्यावर अँचोवी ठेवत नीवेस म्हणाली, “तुम्ही कधी माझ्यासाठी चिखलात बसलात?”