शिवलीलेची जागा

आनेकलच्या बसमध्ये मी बायकांच्या सीटवर बसलो होतो. मला माहीत नव्हतं. बेंगळुरात नवा होतो, बोम्मसंद्राच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. एका मुलीने कन्नडमध्ये उठायला सांगितलं. उठताना मी मराठीत पुटपुटलो, की जरा डोळा लागला होता, तोही या बयेला बघवला नाही.

“नाहीच बघवला,” ती मराठीत म्हणाली. “तोंड उघडं टाकून झोपला होतात, अण्णा.”

ती सीमेवरच्या अथणीची, नाव शिवलीला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच बससाठी थांबलो. तिने परत अण्णा म्हटलं.

“अण्णा नको,” मी म्हणालो.

“मग काय म्हणू?”

“सूर्यकांत.”

“बघू…” म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून हसली.

तिच्या घरचे लिंगायत, आम्ही मराठे. लग्न केलं आणि तिचं माहेर तुटलं. गळ्यातलं लिंग मात्र तिने ठेवलं. मीही काढ म्हटलं नाही.

यंदा कॅन्सरने तिला अंथरुणाला खिळवलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो, तेव्हा ती म्हणाली, “मला जाळू नकोस. आमच्यात बसवून पुरतात… मला तसं बसव.”

आता हे कशाला, असं मी म्हणालो.

“किती दिवस झोपूनच आहे रे. पाठ सोलवटली. जाताना तरी बसू दे.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

गावी भावाला फोन केला. तो म्हणाला, आपल्या घरात आली, अग्नी आपणच द्यायचा. मी फोन ठेवला आणि आनेकलच्या जंगमांकडे, म्हणजे तिच्या लोकांच्या गुरूंकडे गेलो. बाहेर लग्न केलेल्या बाईला ते आपल्या भूमीत घेतील की नाही, याचीच भीती होती. म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, गळ्यात लिंग आहे का. आहे म्हटल्यावर “सरी”, म्हणजे ठीक, म्हणाले आणि जागा दाखवली.

घरी येऊन सांगितलं. जागा कशी आहे, ते तिने खोदून खोदून विचारलं. तांबडी माती आहे, करंजाची सावली आहे, मी म्हणालो. त्यानंतरही ती कण्हायची, पण डोळ्यांतली भीती गेली होती.

“शेजारी जागा आहे का?”

“माझ्यासाठी? आमच्यात जाळतात.”

“मग जळ एकटाच…” ती म्हणाली. “राख तरी इकडे पाठव.”

तिच्यावर माझं किती प्रेम आहे, हे मी कधी तोंडाने बोललो नव्हतो. तेव्हा बोललो. बरं झालं, वेळेत सांगितलंस, म्हणाली.

श्रावणात ती गेली. खड्ड्यात मीच उतरलो. तिला मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तिची मान सारखी माझ्याकडे कलत होती. जंगम वरून म्हणाले, मागे मातीचा आधार द्या आणि बाहेर या.

मी थोडा वेळ ती तशीच खांद्यावर राहू दिली.