न येणाऱ्या गोष्टींचा शुक्रवार

"मॅडम, तुम्ही माझ्या भाचीला हुशार ठरवलंय. ते जरा परत घेता का, प्लीज?"

मी बघतच राहिले. आमच्या बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या शाळेत विशेष हुशार मुलांचा वेगळा वर्ग असतो, तो मी घेते. त्या वर्गात आपलं पोर घुसवायला आईबाप माझ्या घरी म्हैसूरपाक घेऊन येतात हो! आणि हा उंचापुरा माणूस, शर्टावर ग्रीसचा डाग, हातात पावसाने निथळणारं हेल्मेट... नाव काढायला आला होता.

"कोण भाची?"

"आर्या, पाचवीतली. मी तिचा मामा, सुहास. ताई-भावजींना ऑफिसात उशीर होतो, म्हणून पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली सकाळची शिफ्ट संपवून मीच तिला न्यायला येतो." तो थोडा थांबला. "पूर्वी ती माझं डोकं खायची. मिक्सर खोलून बसायची. तुम्ही हुशार म्हटलं आणि पोरगी गप्पच झाली. आता काही विचारत नाही, कशाला हात लावत नाही. चुकलं तर सगळ्यांना कळेल ना, की ती हुशार नाही म्हणून!"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण ते खरं होतं. आर्या वर्गात हाताची घडी घालून बसायची आणि उत्तर शंभर टक्के येत असेल तरच हात वर करायची. अशी एक मुलगी मी लहानपणापासून ओळखते. रोज आरशात दिसते.

"दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "तोवर ती खुलली नाही, तर नाव मी स्वतः काढीन."

"आणि खुलली तर?"

"तर कॉफी तुमच्याकडून."

"कॉफी? नागपूरच्या माणसाला? चहा म्हणा ना जी!"

"अय्यो, बंगळुरात राहायचं तर स्वल्प सुधारा," मी म्हटलं, आणि तो असा मोकळा हसला की माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग मी वर्गात शुक्रवार सुरू केला. दर शुक्रवारी प्रत्येकाने, टीचरनेसुद्धा, आपल्याला न येणारी एक गोष्ट सगळ्यांसमोर करायची. एकाने शीर्षासन केलं आणि धप्पकन पडला. व्हरांड्यात ताटकळणाऱ्या सुहासला मुलांनी आत ओढलं, तर त्याने कन्नड गाणं म्हटलं... देवा रे! मुलं बाकांवर लोळली. आर्या मात्र प्रत्येक वेळी म्हणायची, "माझं पुढच्या शुक्रवारी."

शाळा सुटल्यावर आम्हा तिघांचा अड्डा कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात, उभ्या उभ्या 'बाय-टू' कॉफी. एक कॉफी, दोन पेले, अर्धी अर्धी. आर्या शेजारी डोसा खायची.

"पूर्ण घ्या की. एवढी कंजुषी काहून?" सुहासने पहिल्यांदा विचारलं होतं.

"कंजुषी नाही हो. अर्धी लवकर संपते, मग आणखी एक घेता येते."

"म्हणजे जास्त वेळ थांबता येतं," तो पेल्यात बघत म्हणाला. माझे कान तापले. तो मला आवडायला लागला होता. झालं, सांगून टाकलं! पण आर्याचं नाव निघालं असतं, तर हे शुक्रवारही संपले असते.

एका शुक्रवारी मी फळ्यावर खडूने रांगोळी काढली. तेवढ्यात आर्याचा हात वर.

"टीचर, ही चीटिंग आहे. रांगोळी तुम्हाला छान येते!"

न विचारता बोलली! मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. पण खिडकीतून सुहास माझ्याकडे बघत होता, भुवई उंचावून... पकडली गेलीस, असं म्हणत असल्यासारखा.

सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार उजाडला. आर्याने वर्तमानपत्रांच्या सुरळ्यांचा पूल आणला होता. दोन बाकांच्या मध्ये ठेवला आणि त्यावर पाण्याची बाटली उभी केली. पूल कचकन मोडला, बाटली फुटली, पाणी माझ्या साडीवर. आर्याचा ओठ थरथरला. खिडकीतल्या सुहासने गज घट्ट धरले होते.

आणि मग ती खाली वाकली. "थांबा, कुणी हात लावू नका! मधोमध नाही मोडला, कडेला मोडलाय. का बरं?"

तासभर सगळा वर्ग त्या ओल्या कागदांत बसून होता. नाव काढायचा प्रश्नच उरला नाही.

दर्शिनीत आर्या हात धुवायला गेली. सुहास म्हणाला, "हरलो मी. आज कॉफी माझ्याकडून, पूर्ण दोन." मग हळूच, "पण तुमचा आजचा शुक्रवार राहिला ना, अश्लेषा?"

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच! उत्तर बरोबर येईल याची काडीचीही खात्री नव्हती.

"मला..." मी म्हटलं, "मला तुम्ही आवडता. खूप. तुमचं काय ते मला माहीत नाही... आणि हे बोलायला मला अजिबात येत नाही."

त्याने हातातलं हेल्मेट हळूच खाली ठेवलं. आर्या ओले हात झटकत आली आणि आमचे चेहरे बघून थबकली.

"काय झालं?"

"तुझ्या टीचरनी शुक्रवार केला," सुहास म्हणाला.

"खरंच न येणारी गोष्ट?"

"खरंच गं," मी म्हटलं.

"मग जमली?"

मी सुहासकडे पाहिलं. त्याने काउंटरकडे वळून हाक मारली, "अण्णा, पूर्ण दोन नको. बाय-टू द्या!"